बाबलीचा डावा कौल

बाबलीचं नाव निघालं की अजून माझं डोकं तापतं. माणूस वाईट नव्हता. कुडाळजवळच्या आमच्या गावात भात आणि काजू पिकवायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण देवीला कौल लावल्याशिवाय हा गृहस्थ काही म्हणजे काही करायचा नाही. बैल घ्यायचाय, लाव कौल. विहीर खणायचीय, लाव कौल. बायको आजारी पडली तेव्हा डॉक्टर बोलवायचा की नाही, यालाही कौल. देवी हो म्हणाली, डॉक्टर आला, पण बायको गेलीच. मागे राहिली एकुलती एक तुळसा.

ही तुळसा त्रेसष्ट साली मॅट्रिक झाली, तीही आमच्या हायस्कुलात पहिली. मी तिची बाई. सावंतवाडीला नुकतंच कॉलेज निघालं होतं, राहायला माझी आत्या होती. अडलं होतं फीपाशी. मुंबईच्या ट्रस्टांना पत्रं लिहून लिहून मी थकले. एकाला आपल्याच जातीची मुलं हवीत, दुसऱ्याला मुलगेच हवेत, तिसरा उत्तरच देईना. आणि शेवटी शिष्यवृत्ती सापडली कुठे, तर कुडाळच्या बाजारात. काजूचे व्यापारी दाजी यांनी आईच्या नावाने तालुक्यातल्या मुलींसाठी ठेवलेली, आणि मागायला कोणी फिरकलंच नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय. वडिलांची सही घेऊन अर्ज पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत द्यायचा, एवढंच. तो दिवस चुकला की तुळसेचं कॉलेज संपलं.

बाबलीने अर्ज बघितला आणि हात मागे घेतले. म्हणाला, "बाई, देवीक इचारल्याशिवाय माझो हात कागदाक लागाचो नाय."

झालं. गेलो देवळात. धोंडू गुरवाने देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, चेडवाक वाडीक पाठवूचा काय, म्हणजे मुलीला सावंतवाडीला पाठवायचं का. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पडली डावी.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "धोंडू, आता उलट विचार. मुलीला घरात ठेवायचं का, ते विचार."

बाबलीची हरकत नव्हती. देवीला विचारायला त्याचा कधीच नकार नसे. पुन्हा पाकळ्या, पुन्हा गाऱ्हाणं. पुन्हा डावी.

घ्या. पाठवायचं नाही आणि ठेवायचंही नाही. बाबली खांबाला टेकून खालीच बसला. "देवीच्या मनात काय आसा, ता तिकाच ठावक," धोंडू म्हणाला. माझ्या मनात काय होतं ते मी बोलले नाही, देऊळ होतं म्हणून.

तुळसा इतका वेळ पायरीवर बसली होती. ती उठून आत आली.

"बाबा, देवीन तुका सांगल्यान, पाठवू नको. ठेवू नको म्हणान पण सांगल्यान. मी जावचा नाय, असा ती खंय बोलली? तू पाठवू नको. मी जातंय."

बाबलीने पोरीकडे बघितलं, मग देवीकडे, मग धोंडूकडे. धोंडूने होकारार्थी मान हलवली. बाबलीने तिथेच, देवळात, सही केली.

कॉलेजला निघायच्या दिवशी तिची ट्रंक डोक्यावर घेऊन तो एस.टी.पर्यंत आला. वाटेत भेटेल त्याला सांगत होता, "मी पाठवूक नाय हां. ती जाता." मला हसावं की रडावं कळेना.

पुढे मरेपर्यंत त्याचे कौल चालूच राहिले, बैलाचे, काजूचे, कौलारू छपराचे. तुळसेबद्दल मात्र एकही नाही. घरात एकटाच पेज शिजवून खायचा, संध्याकाळी वाडीच्या गाडीकडे बघत बसायचा. एकदा मी चिडूनच विचारलं, "बैलाचं विचारतोस, मग मुलीचं का नाही विचारत?"

"समजा इचारलंय आणि देवीन तिका परत आण म्हणान सांगल्यान," बाबली म्हणाला, "तर माका आणूचाच लागतला, बाई."