तांदळाची पोती आणि तीस मिलिमीटर

हर्षद सर साध्या चपला घ्यायला गेले तरी दुकानात पंधरा मिनिटं येरझारा घालतात. वय एकोणचाळीस. श्रीवर्धनच्या एका शाळेत विज्ञान शिकवतात, आणि मोजून पाहिल्याशिवाय त्यांचा कशावरच विश्वास बसत नाही. घर बोर्ली पंचतनच्या आतल्या बाजूला, भाताच्या खाचरांना लागून. तिथून रोज शाळेत जायचं-यायचं ते आपल्या निळ्या पोलोतून. गाडी दुसऱ्याची वापरलेली घेतलेली, पण सरांनी ती जपली होती.

त्या गाडीत एकच गोष्ट त्यांना खटकायची. चाकांच्या वर, मडगार्डखाली, चार बोटं सहज आत जातील एवढी फट. पँट आखूड झालेल्या मुलासारखी ती गाडी त्यांना दिसायची. पूर्वी वाशीला नोकरी करत असताना समोरच्या इमारतीत अशीच एक गाडी उभी असायची, पण खाली बसवलेली, जमिनीला धरून. जेवणाच्या सुट्टीत सर मुद्दाम तिच्याजवळून चक्कर मारायचे. ती इच्छा बारा वर्षं तशीच राहिली होती.

"लोक रस्ते बघून उंच गाड्या घेतात, आणि तुम्ही आहे ती खाली करा," बायको म्हणाली. रुचिका बोर्लीच्या पोस्टात कामाला. हसली, पण नाही म्हणाली नाही. "एकच सांगते. ही रोजची गाडी आहे. आईंना त्यातून उतरता आलं नाही, तर मी स्वतः ती परत उंच करून आणीन."

सर आधी म्हसळ्याला सुजितकडे गेले. सुजित शाळेतला मित्र, आता गॅरेजवाला.

"स्प्रिंगांचं एकेक वेटोळं कापू," सुजित म्हणाला. "दुपारपर्यंत गाडी खाली. तुझ्याकडून फक्त चहा घेईन."

सुजितने स्वतःची गाडी तशीच केली होती. सर तिच्यातून फेरी मारून आले. पहिल्याच ब्रेकरवर दातावर दात आपटले. परत आल्यावर त्यांनी सुजितला गाडी जॅकवर घ्यायला लावली, तर कापलेली स्प्रिंग आपल्या जागेवर सैल पडलेली. सरांनी ती दोन बोटांनी गोल फिरवून दाखवली.

"असंच असतं रे," सुजित म्हणाला.

"मग मला नको," सर म्हणाले, आणि चहा मात्र पाजला.

त्यानंतर त्यांचं मन दुसऱ्या टोकाला गेलं. उंची हवी तशी कमी-जास्त करता येणारा स्प्रिंगांचा अख्खा संच मिळतो, त्याचे फोटो ते आठवडाभर मोबाइलवर बघत बसले. किंमत गाडीच्या निम्म्या किमतीला भिडणारी. तेवढ्यात माणगावला चाकांचं अलाइनमेंट करून घ्यायला गेले, तेव्हा तिथल्या अंबाजींकडे त्यांनी विषय काढला. अंबाजी तीस वर्षं हेच काम करणारा माणूस. हातातलं काम न थांबवता ते बोलले.

"सर, उंची किती वेळा बदलणार?"

"एकदाच."

"मग बदलायच्या सोयीचे पैसे कशाला देता? आणि तुमच्या खाऱ्या हवेत वर्षभर हात नाही लावला, तर त्याचे आटे गंजून असे धरतात की मला घण घेऊन बसावं लागतं. चांगल्या कंपनीच्या आखूड स्प्रिंगा घ्या. शॉकअप थकलेत, ते नवे टाका. विमा कंपनीला आधी विचारून घ्या. बाकी, तीस मिलिमीटर खाली करायची का पन्नास, ते मी नाही सांगणार. ते तुमचा रस्ता सांगेल."

रस्त्याला विचारायचं कसं, याचा सरांनी दोन दिवस विचार केला. मग घरातल्या तांदळाची पोती उचलून गाडीत भरायला लागले. मडगार्डपासून खाली जमिनीपर्यंत टेप लावायची, एक पोतं टाकायचं, पुन्हा टेप लावायची. मागची डिकी, मागचं सीट, ड्रायव्हरशेजारची जागा. गाडी पन्नास मिलिमीटर बसली तेव्हा थांबले.

त्यांचे वडील बाबाजी पडवीतून हे सगळं बघत होते. "भात खाचरात पिकतो एवढं म्हाईत हाय," ते म्हणाले. "गाडीत कशापायी घातलास?"

"प्रयोग आहे, बाबा."

"बरं हाय," म्हातारा म्हणाला, आणि तंबाखू मळत बसला.

पन्नासवर गाडी शाळेच्या वाटेतल्या तीन ब्रेकरवर पोट घासत गेली. चौथ्या दिवशी सरांनी पोती कमी करून तीसवर आणली. आता सगळे ब्रेकर सुटले. पण शाळेत वेगळीच बातमी फिरली होती. प्रमोदिनी बाई, मराठीच्या शिक्षिका, गाडीपाशी येऊन म्हणाल्या, "सर, घरचा तांदूळ विकताय, आणि आम्हालाच सांगत नाही?" सरांनी मिलिमीटर समजावून सांगायला सुरुवात केली. बाईंनी पोत्यात हात घालून दाणे तळहातावर घेतले, वास घेतला आणि एक पोतं रिक्षात घालून नेलं. सरांना त्या जागी वाळूची गोणी टाकून प्रयोग पुढे चालवावा लागला.

तीसवर एकच ठिकाण अडत होतं, आणि ते होतं त्यांच्याच दाराशी. अंगणात चढायचा सिमेंटचा उतार बाबाजींनीच कधीकाळी बांधलेला, भलता उभा. तिथे दर वेळी खालून खर्रकन आवाज यायचा. वडिलांच्या कामाला नावं कशी ठेवायची, म्हणून सर काही बोलले नाहीत. पंचवीसच्या स्प्रिंगा मिळतात का, ते शोधायला लागले.

रविवारी ते बाजारातून परतले तर उतार फोडलेला. बाबाजी उकिडवे बसून जांभ्याचे तुकडे बसवत होते, हात-दीड हात पुढे आणून, निवांत चढ करत.

"बाबा, हे कशाला?"

"रोज आवाज आयकतोय मी. भयरा न्हाय." म्हाताऱ्याने थापी सिमेंटवरून फिरवली. "तुझी गाडी खाली यायचीच हाय, तर रस्ता थोडा वर येऊ दे. दोन दिवस चाक ठेवू नको हितं."

शर्ट काढून सर शेजारी बसले आणि तुकडे हाताशी देत राहिले. दुपारी दोघं शेजारी बसून जेवले.

पुढच्या महिन्यात अंबाजींनी तीसच्या स्प्रिंगा आणि नवे शॉकअप बसवले, चाकं सरळ करून दिली. फट दोन बोटांवर आली. रुचिकाने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "धुतलीत का?"

सोमवारी सुट्टी होती, सगळे हरिहरेश्वरला निघाले. सरांच्या आई आवडाबाई पुढच्या सीटवर. त्या गुडघ्यावर हात ठेवून बसल्या आणि वर चढावं लागलं नाही म्हणून खूश झाल्या. त्यांना वळणावळणाच्या रस्त्यावर हमखास गाडी लागते. आज गाडी वळणावर पहिल्यासारखी कलंडत नव्हती. खड्डे थोडे जास्त कळत होते, ते बाबाजींनी मागून दोनदा सांगितलं. आवडाबाई मात्र समुद्र दिसेपर्यंत रुचिकाशी मसाल्याच्या मिरच्यांबद्दल बोलत होत्या. देवळापाशी आपल्या आपण उतरून त्यांनी पदर सारखा केला.

"भूक लागली रे," त्या म्हणाल्या. "आधी दर्शन, मग पोटभर काहीतरी खाऊ."