ऑटर लेकची शेवटची अक्षरं

आर्नी रुओनावारा अक्षरं चिकटवायला बसला की आधी पंखा बंद करायचा, मग रेडिओ, आणि मग मांजराला खोलीबाहेर घालवायचा. एवढं सोवळं पाळून करायचं काय, तर तळहातावर मावेल अशा प्लास्टिकच्या मालडब्यावर रेल्वे कंपनीचं नाव उठवायचं. अक्षरं छापलेलीच मिळतात, पारदर्शक कागदाच्या मागच्या बाजूला. कागद डब्यावर टेकवायचा, कडेला चिकटपट्टी लावायची आणि वरून बोथट काडीने घासत जायचं. अक्षर कागदापासून सुटलं की त्याचा रंग किंचित फिका दिसतो. मग कागद अलगद उचलायचा. पाण्यात भिजवून लावायची अक्षरं असतात ती चुकली तर सरकवता येतात. ही एकदा बसली की बसली. वाकडं गेलं तर खरवडा, आणि खालचा रंगही घालवा.

लुथरन चर्चच्या तळघरात दर गुरुवारी छोट्या रेल्वेची मॉडेलं करणाऱ्यांची बैठक भरायची. त्यांच्यात आर्नीच्या हाताला तोड नव्हती. पण तरुणपणी एकदा त्याने कुणाच्या तरी डब्यावर एक अक्षर तिरकं बसवलं होतं आणि सगळं तळघर खदाखदा हसलं होतं. हसणारे तासाभरात विसरले, आर्नी जन्मात विसरला नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. आर्नी साधं पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागला. हार्डवेअरच्या दुकानात नोकरी केली तीही अशीच. गिऱ्हाइकाला एक स्क्रू देताना तो तीनदा मापून बघायचा.

त्याचा जिवाभावाचा मित्र लेस्टर सायनिओ. लेस्टर मात्र खऱ्या इंजिनावर होता. खाणीतलं लोखंडाचं खनिज सरोवराच्या धक्क्यापर्यंत नेणारी ऑटर लेक नावाची लाइन, आणि तिच्यावर लेस्टरचं एकवीस नंबरचं इंजिन. खाण बंद पडली, रूळ उखडले, इंजिन भंगारात गेलं. निवृत्त झाल्यावर लेस्टरने त्याचं मॉडेल स्वतः जोडलं, गडद हिरवं रंगवलं आणि आर्नीच्या टेबलावर आणून ठेवलं.

"नाव तेवढं तू घाल," तो म्हणाला. "माझी बोटं ब्रेक ओढणारी. त्यांना हे नाजूक काम व्हायचं नाही."

ऑटर लेकच्या अक्षरांचा सगळ्या गावात एकच कागद उरला होता आणि तो आर्नीकडे होता. छापणारा वारला होता, पुन्हा मिळायची आशा नव्हती. या छंदातल्या माणसांना एक खोडच असते. साधा कागद वापरतात, चांगला जपून ठेवतात, आणि एकमेकांना नुसता दाखवतात. आर्नी तर त्या सगळ्यांचा गुरू. दमट हवेने कागद खराब होऊ नये म्हणून त्याने तो हीटरच्या पाइपाशेजारच्या खणात ठेवला आणि योग्य दिवसाची वाट बघत बसला. उन्हाळ्यात हाताला घाम येतो. हिवाळ्यात उजेड नसतो. मध्ये चष्म्याचा नंबर बदलला. वर्षं गेली.

लेस्टरची बायको फर्न तोंडाची फटकळ. "आर्नी, लग्नाचा मुहूर्त तुला सापडला नाही तो नाही," ती म्हणायची, "निदान या इंजिनाचा तरी शोध बाबा!"

"राहू दे गं," लेस्टर म्हणायचा. "घाईचं काम त्याला पचत नाही."

मग लेस्टरचे डोळे बिघडले. डोळ्यांच्या मधोमध काळोख, कडेने तेवढं दिसायचं. एकदा सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या खोलीतून बाहेर येऊन दोघं पायरीवर बसले होते, तेव्हा तो म्हणाला, "लेका, तुझं तोंड मला आता दिसत नाही, नुसते कान दिसतात. तसं नुकसान काही नाही म्हणा."

आर्नी हसला. लेस्टर नाही हसला.

"मान वळवून डोळ्याशी धरलं तर ठळक अक्षरं अजून लागतात मला. डॉक्टर म्हणतो, तेही जाईल. एकवीस नंबर त्याआधी होईल का रे?"

"होईल की! म्हणजे काय!"

शहाण्या माणसाने त्याच संध्याकाळी काडी हातात घेतली असती. आर्नीला उलट जास्तच भीती वाटली. लेस्टर ते एकदाच बघणार, मग त्यात खोट कशी चालेल? सगळी पानगळ तो मोडक्या डब्यांवर दुसरीच अक्षरं घासून सराव करत राहिला.

बर्फ पडल्यावर एका लख्ख दुपारी त्याने खण उघडला. कागद लावला, घासायला लागला. अक्षराचा रंग बदलेना. जरा जोर दिला, तर अक्षराला तडे गेले. दिव्याखाली धरून ऊब दिली, तर त्याचा भुगा झाला. इतकी वर्षं हीटरशेजारी राहून गोंद मरून गेला होता. संध्याकाळपर्यंत सगळा कागद संपला, आणि इंजिनावर ड्रायव्हरच्या खिडकीखाली एकवीसातला फक्त दोनाचा आकडा धड उतरला. आर्नी टेबलाशी बसून रडला. मांजर दाराबाहेर ओरडत होतं, त्याला आत घ्यायचंही त्याला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो तसंच इंजिन घेऊन लेस्टरकडे गेला. फर्नने कॉफी आणि वेलचीचा गोड पाव ठेवला. आर्नीने वाटेत चार वाक्यं जुळवली होती, पण त्याने तोंड उघडायच्या आत लेस्टरने इंजिन ओढून घेतलं. खिडकीशी गेला. मान डावीकडे वळवून बघितलं, उजवीकडे वळवून बघितलं. मग तो हळूच खुर्चीत बसला.

"फर्न," तो म्हणाला. "गेलं गं. कडेचंही गेलं. मला नाव दिसत नाहीये."

"नाही रे, नाही!" आर्नी धावलाच. "तुला दिसतंय अजून. इथे बघ, खिडकीखाली. काय आहे?"

लेस्टरने मान वाकडी केली. "दोन."

"बरोबर. बाकी काहीच नाही तिथे. नाव नाहीच, लेस्टर. कागद वाळून गेला. मी ठेवून ठेवून वाळवला."

लेस्टरने रुमालाने नाक पुसलं.

"एवढं कशाला थांबलास?"

"वाकडं होईल म्हणून."

"वाकडं?" लेस्टर बघतच राहिला, म्हणजे त्याच्या कानाकडे. "अरे, खऱ्या एकवीस नंबरवर नाव वाकडंच होतं! रंगवणारा प्यायलेला होता, शिडी मी धरली होती. शेवटची दोन अक्षरं पार खाली घसरलेली. जन्मभर तेच घेऊन फिरलो मी."

"कधी बोलला नाहीस."

"तुला वाकडं घाल म्हणून कसं सांगणार? तुझा अपमान झाला असता." त्याने इंजिन गुडघ्यावर ठेवलं आणि त्या दोनाच्या आकड्याकडे पुन्हा मान वळवली. "पण वाकडं का होईना, घातलं असतंस ना, आर्नी, तर मी ते केव्हाच वाचलं असतं."

फर्नने कॉफी ओतली. आर्नीने कप घेतला आणि नुसता हातात धरून बसला.