शेवंतीचा दुसरा डोस

जव्हारात गेल्या काही वर्षांत जे जे नवरदेव घोडीवर बसले, त्यांच्या फोटोंत घोडीच्या तोंडापाशी एक बाई हमखास सापडते. गुडघ्यापर्यंतचं लुगडं, त्यावर बॅन्डवाल्यांचा जुना लाल कोट, कोटाची निम्मी बटणं गायब, आणि चेहरा असा की लग्नाला नाही, भांडायला आलीय. ती साखरशेतची हिरी. चेहरा खोटं बोलत नाही, ती खरंच भांडायला आलेली असते. बाकीचे नाचत असतात, ही खाली मान घालून रस्ता चाळत असते. मांडव घालणाऱ्यांनी टाकलेले खिळे, फुटक्या बाटल्या, तार. दिसलं की पायाने बाजूला सारायचं आणि ज्याने टाकलं त्याच्या सात पिढ्यांचं नाव घ्यायचं, ताशाच्या तालावर.

घोडी तिची नाही. घोडी भास्करशेठची. भास्करशेठचा बाजारपेठेत बॅन्ड आहे, आणि बॅन्ड म्हटला की घोडी लागतेच. पण पावसाळ्यात लग्नं नसतात, तेव्हा घोडीला गावात बांधून खायला कोण घालणार? म्हणून ती साखरशेतला हिरीकडे पोसायला. चारा, पाणी, गोठा हिरीचा. लग्नसराईत घोडी गावात, तिच्यामागं हिरीही गावात, कारण फटाके वाजले की ही घोडी, शेवंती, दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. आणि या सगळ्याच्या बदल्यात पहिलं शिंगरू मालकाचं, दुसरं हिरीचं. डोंगरात गाई-शेळ्या अशाच पोसायला देतात, तोच रिवाज घोडीला लावलेला. पहिलं शिंगरू भास्करशेठने केव्हाच विकून टाकलं होतं. दुसरं आता पोटात होतं.

या रिवाजाला एक भोक आहे. चारा कुणी घालायचा ते ठरलेलं, शिंगरू कुणाचं ते ठरलेलं. सुई कुणी द्यायची, हे कुणाच्या बापाने ठरवलेलं नाही. लाळ-खुरकुताची लस टोचायला माणसं पाड्यात येतात, गाय-बैल-म्हशींना टोचून जातात. घोडीला तो रोग होत नाही म्हणून तिला सोडतात, आणि ते बरोबरच आहे. पण तिला जो होतो त्याची लस वेगळी, ती मुद्दाम मागवावी लागते, आणि तिला मालकाचा होकार लागतो.

तो रोग हिरीने पाहिला होता. शेवंतीच्या आधी भास्करशेठचा घोडा होता तुफान, तोही हिरीकडेच पोसायला. नावच तुफान, चालायला बैलाहून सावकाश. एका वरातीत त्याच्या खुरात खिळा घुसला. हिरीने खिळा उपटला, हळद भरली, फडकं बांधलं, जखम बुजली, सगळे विसरले. मग एका सकाळी तुफान गोठ्यात चारी पाय फाकवून उभा. कान ताठ, शेपूट ताठ, जबडा घट्ट मिटलेला. पाण्याच्या बादलीत तोंड घाली, पण घोट आत जाईना. कुणी हंडा आपटला तरी अंगभर कापरं भरे. हिरीचा नवरा लाडक्या जाऊन भगताला घेऊन आला. भगताने तापलेल्या विळ्याने पाठीवर डाग दिले. तुफान ओरडलासुद्धा नाही. तोंडच उघडत नव्हतं, ओरडणार कशानं? गुरांच्या दवाखान्यातल्या विद्युल्लता मॅडम आल्या तेव्हा घोडा आडवा झाला होता. धनुर्वात, त्या म्हणाल्या. आधी लस दिली असती तर झाला नसता.

ते वाक्य हिरीच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

शेवंती आली त्या दिवसापासून ती भास्करशेठच्या मागे लागली. लग्नसराईत म्हटलं तर शेठ म्हणायचा, आता नको बाई, मान सुजेल, घोडी मरगळेल, तारखा लागोपाठ आहेत, लोकांना काय तोंड दाखवू? पावसाळ्यात म्हटलं तर म्हणायचा, आता ती कुठं कामाला आहे, घरी बसून तर खातेय, बसलेल्या घोडीला सुई कसली? आणि वर खास त्याचा प्रश्न, गेल्या वर्षी दिली नव्हती, काय झालं? त्याच्या आदल्या वर्षी दिली नव्हती, काय झालं? हिरी तुफानचं नाव घ्यायची. शेठ म्हणायचा, तुफानचं आयुष्य तेवढंच होतं.

माणसाला वाटतं भिंतीवर डोकं आपटावं. बरं, भिंत तरी एका जागी उभी असते.

मॅडम काही वाईट नव्हत्या. हिरीच्या सांगण्यावरून त्यांनी नाशिकहून लस मागवून फ्रिजमध्ये ठेवली होती. पण टोचायचं म्हटलं की मालकाला आण म्हणत. मागे एका बैलाला पोसणाऱ्याच्या शब्दावर टोचलं, बैल पुढे दुसऱ्याच कारणाने मेला, आणि मालक चार माणसं घेऊन दवाखान्यात आला होता. तेव्हापासून त्या पक्क्या होत्या. हिरी त्यांच्यावरही चिडायची. लसीवरची मुदत संपत आली होती आणि पाऊसही जवळ आला होता. एकदा रस्ते चिखलात गेले की कोण कुणाला घेऊन येतंय.

अशात हर्षलचं लग्न आलं. हर्षल कापडवाल्यांचा एकुलता मुलगा. सकाळी नवरदेवाला घोडीवर बसवून मारुतीच्या दर्शनाला न्यायचं, मग मांडवात. पुढे बॅन्ड, मागे बायका, मध्ये शेवंती, कपाळावर मोत्यांची झालर. आणि मारुतीच्या वाटेवर गुरांचा दवाखाना.

दवाखान्याच्या फाटकासमोर हिरीने लगाम धरला आणि थांबली.

बॅन्ड थोडा पुढे गेला, मग मागे कुणी नाही हे कळून एकेक वाद्य गप्प झालं. भास्करशेठ लगबगीने मागे आला, तोंडावर पाहुण्यांसाठीचं हसू, आवाज मात्र दातांतून. काय झालं म्हणे. हिरीने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की घोडीला सुई द्यायचीय, लस आत ठेवलीय, मॅडम आत आहेत, शेठने फक्त हो म्हणायचंय.

"हिरे, ही वेळ आहे का?"

"तुमची कनची वेळ असते ती सांगा, शेठ. लगीन असलं तरी नाय, नसलं तरी नाय."

नवरदेवाच्या वडिलांना वाटलं घोडी आजारी आहे. आजारी घोडीवर माझ्या मुलाला बसवलं का, असं ते विचारू लागले. शेठची पंचाईत झाली. आजारी नाही म्हणावं तर सुई कशाला, आणि आहे म्हणावं तर संपलंच. हिरीने मग त्यांनाच सांगितलं, की घोडी ठणठणीत आहे, तशीच राहावी म्हणून सुई द्यायची. तुमचा पोरगा लहान होता तेव्हा दवाखान्यात नेऊन टोचून आणलात, तेव्हा तो आजारी होता का? त्यांना ते पटलं असावं, निदान घड्याळ तरी पटलं. द्या म्हणाले, काय ते लवकर द्या.

विद्युल्लता मॅडम फाटकात येऊन उभ्या होत्या. त्यांनी शेठकडे पाहिलं. "मालक, तुमच्या तोंडून ऐकू दे."

शेठ म्हणाला, "हो हो, द्या ना. मी कधी नको म्हटलं?"

वरातीतली दोन माणसं हसली. पण मॅडमनी नवं लफडं काढलं. वर माणूस बसलेला असताना मी टोचणार नाही, घोडी उधळली तर नवरदेव गटारात. नवरदेवाला उतरवा. हे ऐकून हर्षलची आत्या, जी आतापर्यंत मागे पदराने वारा घेत होती, ती पुढे आली. एकदा घोडीवर बसलेला नवरदेव देवाच्या दारात उतरतो, गुरांच्या दवाखान्यात नाही. तिचंही बरोबर आणि मॅडमचंही. वरून हर्षल हळूच म्हणाला, "काकी, मी उतरतो ना."

"तू गप बस," हिरी म्हणाली. "तुझ्यापायी तर शेठ हो बोलला."

शेवटी मामा कामाला आला. मामाने धोतर खोचलं, फाटकाच्या कट्ट्याला पाठ लावली आणि भाच्याला घोडीवरून थेट खांद्यावर घेतलं. पाय जमिनीला लागले नाहीत. बाशिंग डोळ्यांवर, एका हातात नारळ, अशा अवस्थेत जव्हारच्या भर रस्त्यात नवरदेव मामाच्या मानगुटीवर बसला आणि पोरांनी मोबाइल वर केले. हिरीने शेवंतीच्या डोळ्यांवर हात ठेवला, कानात काहीतरी पुटपुटली. मॅडमनी मानेत सुई दिली. घोडीची कातडी थरथरली, एवढंच. मामाचाच श्वास जास्त चढला होता.

सुई काढताना मॅडम म्हणाल्या, "अजून एक द्यायची. महिन्याभराने. ती चुकली तर आजची असून नसल्यासारखी."

बॅन्ड पुन्हा वाजू लागला. हिरीला वाटलं, अर्धं काम झालं.

त्या संध्याकाळी भास्करशेठने तिला कोट काढून ठेवायला सांगितलं. ओरडला नाही. ओरडला असता तर हिरीला सोपं गेलं असतं, तिला ते जमतं. तो एवढंच म्हणाला, की चारचौघांत माझी शोभा करणाऱ्या बाईकडे माझं जनावर राहणार नाही, यंदाच्या पावसाळ्यात घोडी दाभोसाला गोकुळकडे पोसायला जाईल. आणि पोटातलं? हिरीने विचारलं. पोटातलं घोडीबरोबर, शेठ म्हणाला.

साखरशेतला सगळ्यांनी तिलाच बोल लावला. लाडक्या म्हणाला, तुझ्या तोंडाने गोठा रिकामा केला. शेजारणी म्हणाल्या, घोडी काय मरत होती का, चांगली होती की. शिंगराचं भांडण हिरी सोडणार नव्हती, ते पंचांपुढे जाणार होतं. पण पंच बसायचे तेव्हा बसतील, मॅडमचा महिना भरत आला होता.

ती दवाखान्यात गेली. आता कुणाचा होकार आणू, असं तिने तिरसटपणेच विचारलं. मॅडमनी सांगितलं की मालकाने सगळ्या वरातीसमोर हो म्हटलंय, तो होकार दोन्ही डोसांचा, तू फक्त घोडी धर.

दोघी जीपने दाभोसाला उतरल्या. गोकुळचं घर नदीच्या पलीकडे. शेवंतीने हिरीला लांबूनच ओळखलं, दावं ताणलं, पाय आपटले. गोकुळने मॅडमला पाणी दिलं, हिरीला बसायला घोंगडी टाकली, आणि मग ओशाळून म्हणाला की शेठने सांगितलंय, हिरी आली तर घोडीला हात लावू देऊ नको.

"आन् सुई?"

"सुईचा काय बोलला नाय. माझा काम चारा घालायचा. सुई मालकाची."

हिरीच्या अंगाचा तिळपापड झाला. तेच वाक्य, मालकाला आण. माणूस बदलला, गाव बदललं, नदीसुद्धा आली मध्ये, वाक्य तेच. ती शिव्याच द्यायची, पण गोकुळची बायको रखमी दारात उभी होती, हातात घोडीचा चारा, आणि तिने विचारलं की सुई नाय दिली तर काय होतं. गोकुळने नव्हतं विचारलं, शेठने नव्हतं, लाडक्याने नव्हतं. हिरीने मग तुफानचं सांगितलं. बादलीत बुडालेलं तोंड, आत न जाणारा घोट. मालक तेव्हा गावात होता, ती म्हणाली. रात्रभर घोड्याजवळ मी बसले. जो पोसतो त्यालाच ते बघावं लागतं.

रखमीने चारा खाली ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "शेठने हिरीला हात लावू देऊ नको सांगितला ना? मी धरते. माना हात लावू नको नाय बोलला."

तिने धरलं खरं, पण सुई दिसताच शेवंतीने मान झटकली आणि रखमी कुडाला जाऊन लागली. दुसऱ्यांदाही तेच. तेव्हा गोकुळच तोंड फिरवून नदीकडे बघत उभा राहिला. माना काय दिसत नाय, म्हणाला. हिरीने पुढे होऊन घोडीचे डोळे झाकले. मॅडमचं काम एका दमात झालं.

गोकुळ वळला, घोडीभोवती एक चक्कर मारून आला. त्याच्या चेहऱ्यावर जरा निराशा होती.

"आता काय होल?"

"काय नाय होणार. काय होऊ नये म्हणूनच दिली."

"मंग ती लागू झाली ते समजायचा कसा?"

हिरीने शेवंतीच्या मानेवरची सुईची जागा चोळली. एवढी वर्षं शेठशी भांडली, पण असं कुणी विचारलं नव्हतं. तुफान गेला ते सगळ्यांना दिसलं. शेवंती जगेल ते कुणाला दिसणार? उद्या हाच गोकुळ म्हणेल, काय झालं घोडीला, काहीच नाही, मग कशाला ती सुई. आणि पुढे पुन्हा कुणीतरी वरात अडवायची. "नाय समजणार," ती चिडून म्हणाली, "नाय समजला तरी द्यायची."

जीपवाला हॉर्न वाजवत होता. मॅडम चढल्या. हिरी मात्र खाली वाकली, घोडीचा पुढचा पाय उचलून गुडघ्यावर घेतला आणि रखमीला जवळ बोलावलं. काडीने खुरातला चिखल कसा काढायचा, मधल्या मऊ भागाला कसं जपायचं, खिळा दिसला तर उपटून गप्प न बसता मॅडमला कसं कळवायचं, सगळं भराभर सांगितलं. मग काडी रखमीच्या हातात दिली. रखमीने घोटा धरला. शेवंतीने लगेच पाय उचलून दिला, जराही खळखळ नाही.

"साली," हिरी म्हणाली, "माझ्या वेळी चार दिस नाय दिला होतास."

रखमी काडीने चिखल काढत राहिली. जीपवाल्याने पुन्हा हॉर्न दिला. हिरीने त्याला थांब म्हणून दरडावलं आणि रखमीला दुसरा पाय उचलायला लावला.