चुलीवरची गिटार

"दुसऱ्यांचे नवरे मस्कतहून सोनं आणतात, नि तुम्ही काय आणलंत? दांडीचा भोपळा!"

"भोपळा नाय गो, गिटार हाय. वाजवून तर दाखवू दे!"

"वाजवा. मी भाकऱ्या थापून ताल धरते."

महाडच्या बोळातलं नासिर-आसियाचं हे भांडण शेजारच्या रंगूबाईनं भिंतीपलीकडून शब्दन् शब्द ऐकलं, नि हसू दाबायला तोंडात पदर कोंबला. ही गोष्ट चौऱ्याण्णवची. नासिर तिकडं मस्कतला लॉरी चालवायचा. बरोबरच्या गोव्याच्या आचाऱ्यानं त्याला एक करामत शिकवली होती. तार दाबायची नाही. दांडीवरच्या बाराव्या पट्टीवर, तारेच्या बरोबर मध्यावर, बोट माशी बसावी तसं नुसतं टेकवायचं नि छेडल्याबरोबर उचलायचं. घंटीसारखा सूर निघतो.

चार वर्षांनी नासिरच्या अंगावरून वारं गेलं. डावा हात नावापुरता राहिला. तार दाबायचं बळ गेलं, टेकवण्यापुरतं बोट तेवढं उरलं. मग तो घंटीचा सूर हेच त्याचं सगळं गाणं झालं. सकाळी तो ऐकू आला की आसिया म्हणायची, "झालं, उजाडलं."

त्या पावसाळ्यात गिटारीला बुरशी आली. आसियानं काय करावं? बोंबील सुकवतात तशी ती चुलीवरच्या काठीला टांगली. आठ दिवसांच्या धगीनं तारा जिला बांधतात ती लाकडी घोडी सुटून हातात आली. नासिरनं ती फडक्यात बांधून ठेवली. बोलायचं कोणाला? भल्यासाठीच केलेलं.

पोलादपूरच्या गणू सुतारानं घोडी चिकटवली, पण नखभर मागं, तीही तिरकी. तार लांबली, तिचा मध्य सरकला. बाराव्या पट्टीवर बोट टेकवलं की नुसतं 'थप्प'. सूर आता पट्टीच्या पुढं, घोडीच्या बाजूला, प्रत्येक तारेला निराळ्या जागी. आसियानं त्या जागांवर सुरम्याचे ठिपके दिले. पण दमट हवेत सरस धरीना. घोडी पुन्हा हलायची, ठिपके खोटे पडायचे.

"गणू, आता पक्की कर रे."

"नासिरभाई, लाकूडच फुगलंय. पावसाला चिकटवू काय?"

तरी दर शुक्रवारी नमाज झाली की नासिर एसटीनं पोलादपूर गाठी. गणू सरस लावून दोरी आवळी. येताना आसियासाठी सहा पाव.

सप्टेंबरातला तो शुक्रवार शेवटचा, शनिवारी नासिर गेला. पण शुक्रवारी तो नेहमीसारखाच आला. छत्री खिळ्याला लावली, पाव आसियाच्या हातात दिले, नि दोरीनं आवळलेली गिटार चुलीपासून लांब उभी करत म्हणाला, "दोन दिवस दोरी सोडू नको गो."