सुमनवहिनींना सांगितलेला सिनेमा

हे मी कुणाजवळच बोलले नाही. आईजवळ नाही, अमरावतीच्या होस्टेलातल्या मैत्रिणींजवळही नाही. आता लिहिते आहे ते धीर आला म्हणून नव्हे — लपवून लपवून थकले म्हणून.

तेव्हा मी मॅट्रिकची परीक्षा देऊन कारंज्याला घरी आले होते. शिक्षण सगळं कॉन्व्हेंटात. गल्लीतल्या बायकांशी काय बोलावं ते मला सुचायचं नाही. दारात उभी राहून मी नुसती बघायची. समोरच्या घरात सुमनवहिनी राहायच्या, सासूबरोबर. त्यांचा नवरा लग्नानंतर वर्षभरात विलायतेला गेला होता, कुठल्याशा लोखंडाच्या कारखान्यात. सुरुवातीला त्याची खुशाली यायची. मग थांबली. रिसोडहून वहिनींचा भाऊ फेऱ्या घालत होता — काडीमोड घे, एक बिजवर मास्तर बघून ठेवला आहे, पाट लावून देतो. वहिनी हो म्हणत नव्हत्या, नाहीही म्हणत नव्हत्या.

तेवढ्यात फिरती टॉकीज आली. तंबू ठोकला गेला आणि लाउडस्पीकर ओरडत फिरला — गाव सोडून विलायतेत गेलेल्या माणसाची कहाणी, इंग्रजी खेळ! वहिनी थेट आमच्या ओट्यावर आल्या. "बेबी, तुले इंग्रजी येते. माह्याजवळ बस अन् मले सांगत जा. भाऊ उद्या येऊन राह्यला. हे पाहतो, मंग त्याले सांगतो काय ते."

म्हणजे मला ठाऊक होतं. त्या सिनेमावर काय ठरणार आहे, ते मला आधीच ठाऊक होतं.

कनातीच्या अलीकडे, बायकांच्या बाजूला आम्ही बसलो. मी हळू आवाजात सांगू लागले आणि बघता बघता आजूबाजूच्या बायका सरकून आल्या. बोट, धुकं, एका खोलीत दाटीनं झोपणारी माणसं, भट्टीपुढचं काम. "अवो, थो तं आपल्यावाणीच हातानं जेवते!" कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या हसल्या. "डॉक्टरची पोरगी कशी मस्त सांगून राह्यली!" — असं माझ्याबद्दल आधी कुणी कधी म्हटलं होतं?

मग पडद्यावर एक गोरी बाई आली. "हे कोन?" वहिनींनी विचारलं. मी म्हटलं, घरमालकीण. पुढे ती दोघं एका कचेरीत गेली, टेबलाशी उभं राहून सह्या केल्या, साहेबानं हात मिळवला. ते लग्न होतं. पण हार नाहीत, अक्षता नाहीत, गळ्यात काळे मणी नाहीत — आमच्या गल्लीतल्या कुठल्या बाईला ते लग्न वाटलं असतं? "नोकरी पक्की झाली त्याची," मी सांगितलं. "बरं झालं बाई," म्हणत वहिनींनी माझा हात दाबला. शेवटी तो माणूस म्हणतो, गावाकडे आता माझं कुणी नाही. मी म्हणाले — तो म्हणतोय, दिवाळीला घरी जाईन.

दया आली म्हणून? कितीदा तरी मी स्वतःला तसं सांगून पाहिलं. खरं ते नाही. खरं सांगितलं असतं तर वहिनी तिथेच रडल्या असत्या, सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं असतं, आणि काय करावं ते मला कळलं नसतं. शिवाय — हेही लिहून टाकते — त्या सगळ्या माझ्याभोवती बसल्या होत्या. ते मला मोडायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला. त्यांच्या ओसरीवरचं बोलणं आमच्या दारात ऐकू येत होतं. "पाह्यलं म्या. तिकडं लई तरास रायते, पण मानूस वापस येते. मास्तरले नाही म्हणून सांग." भाऊ चिडला. "सिनेमा पाहून जिनगानी ठरवून राह्यली काय तू?" सिनेमात तसं नव्हतंच — एवढंच मला म्हणायचं होतं. मधे फक्त गल्ली होती. मी आत गेले आणि दाराला कडी लावली.

मास्तरांनी दुसरीकडे पाट लावला. सासू वारली. वहिनी आता जिनिंगमध्ये कापूस निवडायला जातात. कानाशी केस पिकू लागलेत. दिवाळी जवळ आली की दर्शनी भिंतीला चुना मारतात, एकट्याच, स्टुलावर चढून.

मी वाशीमला नोकरी करते. गेल्या आठवड्यात घरी गेले, तेव्हा तेच काम चाललं होतं. मला बघून त्या खाली उतरल्या, हाताला चुना तसाच.

"बेबी, दिवाळीलेच येतो म्हणे ना थो? सिनेमातला?"

"हो वहिनी," मी म्हटलं. "दिवाळीलाच."