भवानी पेठेतला जपान

मी शाळेत मास्तर होतो, म्हणूनच माझी मुलं मी शाळेत घातली नव्हती. तिथं काय शिकवतात ते मला चांगलं ठाऊक होतं. शिकवणारा मीच होतो! कुसुम आणि बाळू घरीच शिकत, आणि तेही हातांनी वस्तू करून.

वैरागला धान्याची अडत चालवणाऱ्या माझ्या सासऱ्यांना हे पसंत नव्हतं. त्यांचा निरोप आला, "येऊन बघतो. पोरांस्नी काय येत नसलं तर वैरागला नेतो आन् तितल्या शाळंत घालतो." हिच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलं गेली तर घर खायला उठेल, हे मलाही कळत होतं. तेव्हा सासरेबुवा येतील त्या दिवशी त्यांना घरात साक्षात जपान दाखवायचा, असं मी ठरवलं.

जपान मी एका मासिकातल्या चित्रांत पाहिला होता. तिथं म्हणे कागदाच्या भिंती असतात. माणसं गुडघे मोडून टाचांवर बसतात. पाहुणा आला की जमिनीपर्यंत वाकतात आणि तो 'उठा' म्हणेपर्यंत वर बघत नाहीत. (हे शेवटचं मासिकात नव्हतं, मीच घातलं.)

भवानी पेठेतल्या आमच्या घराच्या सोप्यात कपडे बदलायला तरटाचा आडोसा होता. तो काढून आम्ही कामट्यांच्या चौकटीवर कागद डकवला. डिंक पुरेना, तेव्हा शेजारच्या नरसम्मांनी मागाच्या सुताला लावायची पिठाची खळ भांडंभर दिली. बाळूनं बोट चाटून पाहिलं.

"बाबा, भिंत चांगली लागते की."

हा इशारा होता, पण मी तेव्हा जपानात होतो.

सासरेबुवा आले. आम्ही तिघं टाचांवर बसून त्यांची केव्हापासून वाट पाहत होतो. मुलं वाकली.

"काय हरवलंय काय हितं?" त्यांनी विचारलं.

"हा जपानी नमस्कार आहे, आजोबा," कुसुम म्हणाली.

"या मामा," म्हणत मी उठायला गेलो, तर दोन्ही पायांना मुंग्या! मी थेट त्यांच्या पायांवर आडवा झालो.

"ऱ्हाऊ द्या जावईबापू, साष्टांग कशाला," असं म्हणत ते प्रसन्न चेहऱ्यानं धोतर बदलायला कागदामागं गेले.

एवढ्यात नरसम्मांची शेळी आत आली. खळीचा वास तिनं लांबूनच घेतला असावा. मला ती दिसत होती, पण पाय अजून माझे नव्हते.

"हड, हड," मी पडल्या पडल्या कुजबुजलो.

"कोन हाय?" आतून आवाज आला.

"कोणी नाही मामा. आवरा निवांत."

टर्रर्र! बघता बघता शेळीनं जपान संपवला. मागं सासरेबुवा लंगोटावर उभे, आणि हातातल्या धोतराचं दुसरं टोक शेळीच्या तोंडात! नेमक्या त्याच वेळी शेळीला शोधत नरसम्मा दोन सुनांसह दारात आल्या.

"वाका," कुसुम ओरडली.

बाळू वाकला, ही वाकली. रोज दारातून आमचा अभ्यास बघणाऱ्या नरसम्मा आणि त्यांच्या सुनाही जमिनीला कपाळ टेकून बसल्या. मी तर आधीच आडवा होतो. सगळ्या घरात उभे फक्त सासरेबुवा आणि शेळी. त्यांनी धोतर सोडवून घेतलं, सावकाश निऱ्या घातल्या आणि खाकरले.

"उठा."

मग त्यांनी कुसुमला जवळ घेतलं. "पोरी, हे कुनी शिकवलं?"

"बाबांनी."

"पोरं लई शानी हायती," ते हिला म्हणाले. "ऱ्हाऊ दे हितंच."

हिनं पदरानं डोळे पुसले. मला इतका आनंद झाला की पायांच्या मुंग्यासुद्धा गोड वाटल्या.

"जावईबापूंना मातर मी सुट्टीत वैरागला नेनार हाय," सासरेबुवा पुढं म्हणाले.

त्या उन्हाळ्यात मी वैरागला त्यांच्या गोठ्याची भिंत शेणामातीनं लिंपत होतो, आणि सासरेबुवा येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगत होते, "आमचं जावई मास्तर हायती. अजून शिकत्यात."