चालून दाखवा, साहेब

खटकचिंचोळीचा भीमराज आमच्या नाटक कंपनीचा शिंपी. १९७८ साली कंपनी मोडली. दुबईच्या एका कपड्यांच्या कारखानदाराने हैदराबादेत कारागिरांची परीक्षा ठेवली. पास होईल त्यालाच व्हिसा. मी, कंपनीत राजाच्या भूमिका करणारा, सोबत गेलो.

"माझा झगा शिव," कारखान्याचा मालक म्हणाला.

भीमराजने टेप बाजूला ठेवली. "साहेब, जरा चालून दाखवा."

मालकाच्या कपाळावर आठी पडली. मी भीमराजच्या कानाशी वाकलो. "आरं, माप कामून घेईनास?"

"उभ्या माणसाचं माप खोटं असतंय, अण्णा. तुमी सिंहासनावर बसलाव की शिवण उसवायची, इसरलाव का?"

मालक चालला, तसं भीमराजने नजरेनेच माप घेऊन कापड कापलं. दोन तासांनी मालक झगा घालून चालला, वाकला, खुर्चीत बसला. एकही टाका तुटला नाही.

"व्हिसा पाठवतो."

भीमराज भिंत धरून खाली बसला. "अण्णा, पाणी द्या."